नोव्हेंबरचा अंगठा

नोव्हेंबर लागला की माझं कशात लक्ष लागत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरलेला असतो, सून म्हणते, आई, आता जरा निवांत बसा की. मी निवांतच बसलेली असते. पण बोटांना उगीच शाई लागल्यासारखं वाटतं. स्टॅम्पपॅडची जांभळी शाई साबणानं जात नाही, खोबरेल तेलानं जाते. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी तेलाची बाटली अजून मोरीत ठेवते.

ज्यांनी असली नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पेन्शन घेणाऱ्या माणसाला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. दाखला दिला नाही की पेन्शन बंद. माणूस टेबलासमोर बसून चहा पीत असला तरी कागदावर तो नाही. मी आयुष्यभर हे दाखले घेतले. अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकी माणसं कुणी जिवंत ठेवली नसतील, असं मी चेष्टेनं म्हणायची. आता ती चेष्टा आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची संस्था इंग्रजांच्या काळातली. दगडी इमारत, वर मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला घोड्यांचा तबेला. कुणा गोऱ्या डॉक्टर साहेबानं ती सुरू केली म्हणे. सापाचं विष घोड्याला थोडं थोडं टोचायचं, घोडा ते पचवायचा, मग त्याच्या मानेतून रक्त काढून त्यातून सर्पदंशाचं औषध करायचं. गडहिंग्लजकडं उसाच्या फडात साप चावलेली किती माणसं त्या औषधानं वाचली असतील, त्याला गणती नाही. मी त्यातलं काहीच केलं नाही. मी लेखा विभागात होते. साहेबाच्या जेवणाच्या खोलीत आमचा विभाग बसायचा. भिंतीतल्या ज्या कपाटात त्याच्या काचेच्या बशा असत, तिथं आमची व्हाउचरं.

संस्था ना धड सरकारी, ना धड खाजगी. अनुदान सरकारचं, नियम सरकारचे, पण पेन्शन आम्हीच वाटायची. अनुदान वेळेवर आल्याचं मला एकदाही आठवत नाही. वीजबिल भरावं तर पेन्शन राहते, पेन्शन द्यावी तर प्रयोगशाळेतले फ्रीज बंद पडायची वेळ. मी पेन्शन आधी द्यायची. मग विजेचा माणूस यायचा, त्याला चहा पाजायची आणि त्याचं ऐकून घ्यायची. शेवटचा घोडा गेल्यानंतरही अंदाजपत्रकात 'वैरण' हे खातं आम्ही कितीतरी वर्षं ठेवलं होतं, कारण खातं काढलं की तेवढं अनुदान कापलं जातं. घोडा नाही, गवत नाही, वैरण मात्र आहे. ऑडिटवाले हसायचे, मीही हसायची.

त्याच वैरणीच्या खात्यात एक माणूस अडकला होता.

तो मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा. राहणार कुरुंदवाडचा. उंच, वाळका, उजव्या कानाची पाळी घोड्यानं तोडलेली. घरी बायको, दोन मुली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मुलीच्या लग्नाला मी गेले होते म्हणून माहीत. पहाटेच्या एसटीनं यायचा आणि आल्या आल्या आधी घोड्यांशी बोलायचा, मग माणसांशी. सगळं ऑफिस मला मॅडम म्हणायचं, तो एकटा बाई म्हणायचा. मी त्याला मामा म्हणायची.

मोतद्दारांच्या मंजूर जागा होत्या चार. घोडे होते तिसाच्या वर. तेव्हा बाकीची माणसं रोजावर घेतलेली, आणि त्यांचा पगार निघायचा वैरणीच्या खात्यातून. व्हाउचरवर लिहिलेलं असायचं: गवत, भुसा, पेंड व मजुरी. त्या 'व मजुरी'त मामांची एकवीस वर्षं गेली. मग कुठूनतरी हुकूम आला आणि चार रोजंदार मोतद्दारांना कायम केलं. त्यात हे एक. पुढं औषध करणंच बंद झालं, घोडे गेले, आणि मोतद्दारांना शिपाई करून टाकलं. मामा झाडांना पाणी घालायचे. पाणी घालताना झाडाच्या बुंध्यावर थोपटायचे, ती सवय गेली नाही.

साठ पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं प्रकरण करायला घेतलं. कायम नोकरी नऊ वर्षं चार महिने. पेन्शनला दहा वर्षं लागतात. मी पुन्हा मोजलं, बोटांवर मोजलं, कॅल्क्युलेटरवर मोजलं. आठ महिने कमी पडत होते.

पण नियमांच्या पुस्तकात एक वाट होती. रोजावरची सलग नोकरी सिद्ध झाली आणि त्याच माणसाला पुढं कायम केलेलं असलं, तर त्या आधीच्या नोकरीतली निम्मी वर्षं धरता येतात. म्हणजे मामांसाठी फक्त सोळा महिन्यांचा पुरावा पाहिजे होता. एकवीस वर्षांतले सोळा महिने. मी त्यांना सांगितलं, "मामा, काळजी करू नका. दोन महिन्यांत पेन्शन सुरू."

"बायकोला साखरंची सुई लागती बाई," ते म्हणाले. "तेवढं बसलं त्यात म्हंजे झालं. मला काय, मी काय बी खाऊन ऱ्हातो."

वैरणीची व्हाउचरं नियमाप्रमाणे कधीच नष्ट केलेली होती. हजेरीपट कधी ठेवलाच नव्हता, कारण गवताचा हजेरीपट कोण ठेवतो? मग मला रक्ताच्या रजिस्टरांची आठवण झाली आणि मी खुर्चीतून उठलेच.

ती रजिस्टरं साहेबाच्या काळापासून चालत आलेली. जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. ज्या दिवशी घोड्याचं रक्त काढायचं त्या दिवशी घोड्याचा नंबर, किती रक्त काढलं ते, आणि शेवटच्या रकान्यात घोडा कुणी धरला त्याचा अंगठा. साहेबाचा माणसांवर विश्वास नव्हता. घोडा उधळला किंवा मेला तर कुणाला जबाबदार धरायचं, म्हणून तो अंगठा. साहेब गेला, देश आपला झाला, अंगठा तसाच राहिला. मामा दर आठवड्याला कुठला ना कुठला घोडा धरत होते. म्हणजे ज्या कागदावर त्यांच्यावर संशय घेतलेला, त्याच कागदावर त्यांची एकवीस वर्षं ओळीनं उमटलेली. मला तर आनंदानं हसूच आलं.

अभिलेख कक्षात मी दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी रजिस्टरं नाही, एक यादी सापडली. नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी. खाली सही माझी, जी केल्याचं मी विसरूनही गेले होते.

सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ म्हणजे कायम जपायचं, ड म्हणजे वर्षभरात फेकायचं. काही वर्षांपूर्वी वरून तपासणी येणार होती. अभिलेख कक्षात वाळवी लागलेली, कौलातून पाणी गळत होतं. वर्गवारी करायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी टापटिपीची. चार दिवसांत मी सगळं लावलं. माणसांची सेवापुस्तकं अ. पगारपत्रकं ब. आणि रक्ताची रजिस्टरं? ती घोड्यांची. घोडे तर आता नाहीत. मी क लिहिलं. क म्हणजे पाच वर्षं, आणि पाच वर्षं होऊन गेलेली होती. संचालकांनी न वाचता सही केली. एकाही रजिस्टराचं एकही पान मी उघडून बघितलं नाही. शिपाई झालेल्या मोतद्दारांनीच बोचकी उचलून टेंपोत टाकली आणि टेंपो कागद गिरणीकडं गेला. तपासणीला आलेल्या साहेबानं माझं कौतुक केलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी चौकटीत घालून घरी लावलं होतं.

मी वाईट हिशेबनीस असते तर बरं झालं असतं. आळशी बाईनं ते काम पुढं ढकललं असतं, आणि रजिस्टरं वाळवी खात का होईना, तिथंच राहिली असती.

त्या दिवशी मी मामांना सांगायला हवं होतं. संचालकांना लेखी द्यायला हवं होतं की, पुरावा होता आणि तो माझ्या चुकीनं नष्ट झाला. तेवढ्या एका कागदानं कदाचित काम झालं असतं. मी तो कागद लिहायला घेतलासुद्धा. मग डोक्यात आलं की यावर चौकशी लागेल. माझ्या निवृत्तीला आठ वर्षं होती. चौकशी लागलेल्या माणसाची पेन्शन कशी लोंबकळते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तशी चार प्रकरणं मीच लोंबकळत ठेवली होती. मी कागद फाडला. प्रकरण पुराव्याविना पाठवलं आणि अपेक्षेप्रमाणे ते परत आलं: सेवा सिद्ध होत नाही, सबब अमान्य.

"शोधतेय मामा," मी म्हणाले. "जुनं दप्तर आहे, वेळ लागतो."

"व्हय की. घाई न्हाय," ते म्हणाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी रांग लागली. व्हरांड्यात बाकडी टाकलेली, म्हातारी माणसं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसलेली. मी खाली मान घालून एकेकाचा कागद घेत होते. एक हात पुढं आला. मान वर केली, तर मामा. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी.

"मामा, तुम्ही?"

"हयातीचा दाखला द्याया आलोय न्हवं का. उद्या पेन्शन मंजूर झाली आन् म्हटलं ह्यो हाय का गेला, तर?"

त्यांना पेन्शनच नव्हती, दाखला कसला? हे तिथंच सांगायचं होतं. सोपं वाक्य होतं. पण मागं रांग होती, आणि त्यांच्या तोंडावर लग्नाला आल्यासारखा आनंद होता. ते वाक्य बोलले असते तर पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं. मी एक कोरा फॉर्म घेतला, भरला, पॅड पुढं सरकवलं. त्यांनी अंगठा उमटवला. मी सही करून शिक्का मारला आणि कागद त्यांच्या फायलीत ठेवून दिला. मला वाटलं, मी दया दाखवली.

मग ते दर नोव्हेंबरला येत राहिले. एसटीनं यायचे, माझ्यासाठी कधी वांगी, कधी शेंगा आणायचे. लग्नसराईत वरातीची घोडी धरायचं काम करतो म्हणाले. "ही घोडी म्हंजे नुसती नटवी वो बाई. बँड वाजला की अंग चोरत्यात. आपली घोडी कशी, इख पचवून हुबी ऱ्हायची." एका वर्षी म्हणाले, बायकोला दिसायचं कमी आलंय, सुया अधनंमधनं चुकतात. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, ती गेली. आणि हात पुढं केला. मी अंगठा घेतला. मला रडू आलं नाही. मला स्वतःची किळस आली, आणि मी पुढच्या माणसाला म्हणाले, या.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. मामांबरोबर कायम झालेले दुसरे तिघे मोतद्दार कोर्टात गेले. त्यांनी एकमेकांसाठी प्रतिज्ञापत्रं केली, वकील जिद्दीचा निघाला, आणि ते जिंकले. त्यांची पेन्शन मीच सुरू केली, मागच्या सगळ्या थकबाकीसकट. दाव्यात मामांचं नाव नव्हतं. मला वाटलं, गावाकडं राहतात, त्यांना कुणी विचारलं नसेल, किंवा वकिलाला द्यायला पैसे नसतील. मी लगेच टिप्पणी लिहिली की चौथाही त्यांच्यासारखाच आहे, त्यालाही लाभ द्यावा. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली टिप्पणी असेल. उत्तर एका ओळीचं आलं: लाभ दावा करणाऱ्यांपुरताच. मी त्या वकिलाला भेटले. तो म्हणाला, उशीर झालाय, तरी साक्षीदार असतील तर बघू. तोवर त्या तिघांतले दोघे वारले होते. तिसरा अंथरुणाला खिळला होता, मला बघून तो म्हणाला, कोण, आत्याबाई का?

माझी निवृत्ती आली. शाल, नारळ, फोटो. चौकशी नाही, डाग नाही. माझी पेन्शन पुढच्याच महिन्यात सुरू झाली, कारण माझी सगळी कागदपत्रं मी वर्षभर आधी जुळवून ठेवली होती. कार्यभार देताना मामांची फाईल मी नव्या लेखाधिकाऱ्याच्या हातात वेगळी दिली. तो पोरगा वाईट नाही. त्यानं चाळली, आठ वर्षांचे आठ दाखले बघितले, आणि विचारलं, "मॅडम, पेन्शन नाही तर हे दाखले कसले?" मी म्हणाले, "असू देत." पहिल्या वर्षी मी घरूनच दाखला पाठवला. व्हरांड्यात जायची हिंमत नव्हती.

या नोव्हेंबरात मात्र जावं लागलं. आता तिथं मशीन आलंय. काचेवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस जिवंत. शाई नाही, तेल नाही. माझा दिवा लागला, कागद छापून बाहेर आला, मी तो घेऊन वळले, आणि पाठीमागं मामा उभे. पार वाळलेले. टोपी तीच.

त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. मशीनवर बसलेल्या मुलानं पुन्हा ठेवायला सांगितलं, पुसून ठेवायला सांगितलं, मग पडद्याकडं बघून म्हणाला, "काका, तुमचं नावच नाही यात. तुम्ही पेन्शनर नाही. बाजूला व्हा जरा."

"गेल्या साली बी असंच म्हटला ह्यो," मामा मला म्हणाले. "बाई, सांगा की ह्येला."

मी त्यांना दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं. समोर रिकामा तबेला होता, त्यात आता संस्थेच्या गाड्या लावतात. मी एका दमात सांगितलं. "मामा, रक्ताची रजिस्टरं मीच रद्दीत घातली. माझ्या सहीनं गेली ती. मी शोधतेय म्हणाले ते खोटं होतं. तुमच्याकडून घेतलेले ते दाखले कुठंच गेले नाहीत, फायलीत पडून आहेत."

मला वाटलं ते ओरडतील. निदान तोंड फिरवतील. मला ते हवं होतं.

"रजिस्टरं गेल्याली मला ठावं हाय की," ते म्हणाले. "टेंपोत म्याच टाकली न्हवं का. तवा तुमास्नी म्हटलंबी हुतं, बाई, ह्यात आमचं आंगठं हायती. तुमी म्हटलासा, घोड्यांची हायत ती."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"मग मामा, माहीत होतं तर इतकी वर्षं येत का राहिलात? त्या तिघांबरोबर कोर्टात का गेला नाहीत?"

"ते आलते की घरला. दोनदा आलते. चल म्हटलं, तुजं बी हुतंय." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या म्हटलं, तुमी जावा. बाई माजा आंगठा वरसाला घेत्यात. काम चालू असल्याबिगार बाई आंगठा घेतील व्हय?"

आठ वर्षं मी त्या माणसाला दया म्हणून जे दिलं, त्यानंच त्याला घरी बसवून ठेवलं होतं. रद्दी ही चूक होती. चुकीला कुणी तरी कधी तरी माफ करतं. पण दर नोव्हेंबरला मी स्वतःच्या हातानं पॅड पुढं सरकवत होते.

आत मुलगा पुढच्याचं नाव पुकारत होता. मामांनी टोपी घातली, उजव्या हाताचा अंगठा सदऱ्याला पुसला आणि ते माझ्याकडं वळले.

"मग आता आंगठा कुटं द्यायचा, बाई?"

माझा हयातीचा दाखला माझ्या हातात होता. मी त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.